पोट भरल्याची नवी खूण

वजन घटवण्यासाठीच्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच भागात तयार होते. म्हणून सुरुवातीचे काही महिने भूक फारशी लागत नाही. तरीही जेवण चुकवू नका. प्रथिने आधी खा.

• खरी भूक : हळूहळू वाढते, साध्या वरणानेही शमते.

• मनाची भूक : अचानक येते, चिवडा किंवा गोडच मागते.

• थांबण्याची खूण : छातीच्या हाडाखाली दाब, उचकी, नाकातून पाणी. पुढचा घास नकोच.

• वेग : २० ते ३० मिनिटे, बारीक चावून, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने.

• सावधान : वारंवार उलट्या झाल्या किंवा पाणीही पोटात ठरेना, तर लगेच डॉक्टरांकडे जा.