कॅलेंडरची नवी आवृत्ती: काय बदललं, काय तपासायचं?

आजचा विषय साधा वाटेल, पण रोजचा आहे. फोनवरचं कॅलेंडर एका रात्रीत अपडेट होतं. सकाळी उघडून बघावं तर रंग वेगळे, महिन्याचं पान कुठे दिसत नाही, नवी नोंद करायचं बटण वरून खाली आलेलं. आपण वैतागतो, म्हणतो, जुनं काय वाईट होतं? मग चार दिवसांत हात बसतो आणि विषय संपतो.

आमचं म्हणणं असं, की खरा विषय तिथून सुरू होतो. बटण हरवलं तर लगेच कळतं. नोंदीचा अर्थ बदलला तर कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आता नोंदीचा अर्थ म्हणजे काय? भिंतीवरच्या कालनिर्णयवर आपण दूधवाल्याचा खाडा मांडतो. कागद तो जसाच्या तसा धरून ठेवतो. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक नोंदीचा अर्थ लावत असतं. त्यासाठी आयकॅलेंडर नावाचं एक खुलं मानक आहे. ते १९९८ साली आलं, २००९ मध्ये सुधारलं गेलं. आपल्याला मेलमधून आमंत्रणाची जी आयसीएस फाइल येते, ती याच मानकाची. या मानकात वेळ लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. आपल्या कामाच्या तीन.

पहिली, नुसता दिवस. समजा, आजीचा वाढदिवस १५ ऑगस्टला. त्याला तास-मिनिटं नाहीत. नाशिकलाही १५ आणि न्यूयॉर्कलाही १५. पण नोंदी एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना तीच नोंद 'भारतीय वेळेनुसार रात्री १२' अशी साठवली गेली, तर? त्या क्षणी न्यूयॉर्कमध्ये १४ तारखेचे दुपारचे अडीच वाजलेले असतात. म्हणजे तिथल्या नातवाच्या फोनवर आजीचा वाढदिवस १४ तारखेलाच दिसणार.

दुसरी, आपण जिथे असू तिथली घड्याळाची वेळ. रात्री ८ ची गोळी घ्या. आई पुण्याहून मुलाकडे न्यू जर्सीला गेली आणि नोंद भारतीय वेळेला बांधलेली असेल, तर उन्हाळ्यात आठवण सकाळी साडेदहाला वाजेल. गोळीची वेळ प्रवासात कशी बदलायची, हे डॉक्टरांना विचारायचं. पण कॅलेंडर काय धरून चाललंय, हे आपल्याला माहीत हवं.

तिसरी, ठरावीक ठिकाणची वेळ. न्यूयॉर्कमधली सकाळी ९ ची बैठक पुण्यात बसलेल्या माणसाला हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला पडते, उन्हाळ्यात साडेसहाला. कारण तिथे घड्याळं एक तास पुढे करतात, आपल्याकडे करत नाहीत.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेने २००५ साली कायदा केला, की २००७ पासून हा बदल लवकर सुरू होईल आणि उशिरा संपेल. जुन्या नियमाने त्या वर्षी घड्याळं १ एप्रिलला पुढे गेली असती. ती ११ मार्चला गेली. मागे आली ती २८ ऑक्टोबरऐवजी ४ नोव्हेंबरला. म्हणजे वर्षातले चार आठवडे असे, की ज्या संगणकावर नवा नियम पोचला नव्हता, तो एका तासाने चुकणार. पुण्यातला माणूस साडेसातला फोन लावणार आणि बैठक साडेसहालाच झालेली असणार. नोंद त्याने बरोबर केली होती, पण नियम खालून सरकला होता.

असे नियम देशोदेशीची सरकारं बदलतच असतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांत ही पद्धतच बंद केली. जगभरच्या या नियमांचा एक सामायिक टाइम झोन डेटाबेस असतो. भारत त्यात 'एशिया/कोलकाता' या नावाने आहे. अपडेटबरोबर पुष्कळदा हाच डेटाबेस ताजा होतो. म्हणून 'मला नवी आवृत्ती नकोच' हा हट्ट महागात पडू शकतो.

पण नवी आवृत्ती घेतली म्हणजे झालं, असंही नाही. आम्ही स्वतः फसलो आहोत. वडिलांसाठी हृदयतज्ज्ञांची वेळ दोन महिने आधी घेतलेली. तारीख बरोबर, वेळ बरोबर. फक्त आठवण वाजली नाही. नव्या ॲपने सूचनांची परवानगी विचारली होती आणि आम्ही घाईत 'नंतर' दाबलं होतं. पुढची वेळ मिळाली सहा आठवड्यांनी. ते सहा आठवडे घरात कसे गेले, ते सांगायला नको.

मग करायचं काय? मोठ्या बदलाआधी नोंदी एक्सपोर्ट करून आयसीएस फाइल जपून ठेवा. अपडेट झाल्यावर दहा मिनिटं काढा. आपण पाहिले त्या तिन्ही प्रकारांतली एकेक जुनी नोंद उघडा: एक वाढदिवस, एक औषध, एक परगावची बैठक. सेटिंगमध्ये टाइम झोन बघा. आठवडा रविवारी सुरू होतोय की सोमवारी, तेही बघा. रकाना एका घराने सरकला की सवयीची नजर चुकीचा वार वाचते. शेवटी पाच मिनिटांनंतरची एक खोटी नोंद करा, फोन लॉक करून बाजूला ठेवा आणि वाजतो का ते ऐका.

आता कुणी विचारेल, संकष्टी किंवा तिथीने येणाऱ्या वाढदिवसाचं काय? 'दर महिन्याच्या १० तारखेला' हे साध्या कॅलेंडरला कळतं, 'वद्य चतुर्थीला' हे कळत नाही. अशा तारखा पंचांगावरून दरवर्षी भराव्या लागतात, किंवा कुणी तयार केलेलं कॅलेंडर जोडून घ्यावं लागतं. जोडलेलं असेल तर अपडेटनंतर ते अजून जोडलेलं आहे ना, एवढं बघा.

थोडक्यात, कॅलेंडरातली प्रत्येक नोंद म्हणजे आपण कुणाला तरी दिलेला शब्द असतो. तो लक्षात ठेवायचं काम आपण यंत्राला दिलंय. पाळायचं काम आपल्याकडेच आहे. आता प्रश्न घेऊ.