भंगारातला स्क्रीन: आधी पाठ पाहा

माळ्यावर बंद पडलेला लॅपटॉप, कोपऱ्यात धूळ खात पडलेला प्रिंटर, खणात एखादा जुना नोकिया. सोल्डरिंगचा नाद लागलेल्या माणसाला यात आधी दिसतो तो स्क्रीन. ‘काढू आणि आर्डुइनो बोर्डाला जोडू’ म्हणत तो पेचकस घेऊन बसतो आणि तिथेच फसतो. स्क्रीन कामाचा आहे की नाही, हे समोरच्या काचेवरून नाही, पाठीवरून कळतं.

गैरसमज: कुठलाही स्क्रीन आर्डुइनोला जोडता येतो.

वस्तुस्थिती: प्रश्न आकाराचा नाही, मेमरीचा आहे. प्रिंटरमधल्या दोन ओळींच्या, सोळा अक्षरी डिस्प्लेच्या पाठीवर डांबराच्या थेंबासारखे काळे ठिपके असतात. त्यांच्याखाली बहुधा हिताचीच्या एचडी४४७८० जातीचा कंट्रोलर असतो. अक्षर एकदा सांगितलं की तो ते स्वतःच लक्षात ठेवतो. नोकिया ५११० चा डिस्प्लेही याच स्वभावाचा: ८४ × ४८ ठिपके, म्हणजे अख्खं चित्र ५०४ बाइटमध्ये. लॅपटॉपच्या पॅनेलला सहसा अशी मेमरी नसते. १३६६ × ७६८ चं एक रंगीत चित्र होतं ३१ लाख बाइटच्या वर, आणि ते सेकंदाला ६० वेळा पुन्हा पुन्हा पाठवत राहावं लागतं. आर्डुइनो उनोची रॅम आहे २०४८ बाइट. मुंगीच्या पाठीवर पोतं ठेवून चालणार नाही.

गैरसमज: मग लॅपटॉपचं पॅनेल टाकूनच द्यायचं.

वस्तुस्थिती: मुळीच नाही. मध्ये एक ड्रायव्हर बोर्ड बसवला की त्याच पॅनेलचा एचडीएमआय मॉनिटर होतो आणि रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक त्यावर सुखाने चालतो. मात्र बोर्ड ‘साडेपंधरा इंची द्या’ असं म्हणून घ्यायचा नाही. एकाच मापाची दोन पॅनेलं आतून वेगळी असू शकतात: जुन्यांत एलव्हीडीएस जोडणी, नव्यांत ईडीपी. पाठीवरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक उतरवून घ्या, त्याची डेटाशीट शोधा आणि बोर्ड त्याच क्रमांकासाठी मागा. लॅपटॉपच्या पॅनेलला साधारण ३.३ व्होल्ट लागतात, डेस्कटॉप मॉनिटरच्या पॅनेलला बहुधा ५. बोर्डावरचा व्होल्टेजचा जंपर चुकीच्या जागी राहिला, तर पॅनेल पहिल्याच झटक्यात जाऊ शकतं.

गैरसमज: सोळा अक्षरी डिस्प्लेच्या वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसतात, म्हणजे डिस्प्ले जळला.

वस्तुस्थिती: उलट, ही चांगली खूण आहे. वीज पोचली आहे, कॉन्ट्रास्ट लागला आहे. फक्त कंट्रोलरला सुरुवातीचे आदेश मिळालेले नाहीत. वायरी आणि प्रोग्राममधले पिन क्रमांक ताडून पाहा. काहीच दिसत नसेल, तर तिसऱ्या पिनेला लावलेला कॉन्ट्रास्टचा प्रिसेट सावकाश फिरवा. निम्मे ‘मेलेले’ डिस्प्ले तिथेच जिवंत होतात.

गैरसमज: लॅपटॉपचा स्क्रीन काळा, म्हणजे पॅनेल गेलं.

वस्तुस्थिती: एलसीडी स्वतः उजेड देत नाही, मागून येणारा उजेड अडवते किंवा सोडते. लॅपटॉप सुरू करून काळ्या स्क्रीनवर टॉर्च तिरपा धरा. अंधुक चित्र दिसलं, तर पॅनेल ठणठणीत आहे, बॅकलाइट गेला आहे. जुन्या पॅनेलांत एलईडीऐवजी पेन्सिलीहून बारीक ट्यूब असते. तिच्या इन्व्हर्टरमधून शेकडो व्होल्ट निघतात, म्हणून वीज चालू असताना तिथे बोट नको. ट्यूबमध्ये पारा असतो, तेव्हा ती फुटू देऊ नका.

गैरसमज: मल्टिमीटर किंवा कॅल्क्युलेटरची काच बॅटरी लावून चालवता येते.

वस्तुस्थिती: ही नुसती काच आहे, मागे कंट्रोलर नाही. बोर्डाशी तिचा संबंध येतो तो काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या झेब्रा रबरातून. एलसीडीला सतत दिशा बदलणारा विद्युतदाब लागतो. डीसी बराच वेळ राहिला, तर आतला द्रव आणि इलेक्ट्रोड खराब होतात. एचटी१६२१ सारखी ड्रायव्हर चिप मदतीला येते, पण कडेचा कुठला संपर्क कुठल्या रेषेला जातो हे शोधण्यात अख्खा रविवार जातो. हौस असेल तरच या वाटेला जा.

गैरसमज: काच तडकली, आता उपयोग शून्य.

वस्तुस्थिती: चित्र गेलं, उजेड शिल्लक आहे. तडकलेल्या मॉनिटरची काच हातमोजे घालून बाजूला काढा. मागे अ‍ॅक्रिलिकची जाड पाटी आणि उजेड पसरवणारे दुधी कागद मिळतात. बॅकलाइट एलईडीचा असेल, तर योग्य ड्रायव्हर लावून त्याचा टेबलावरचा सपाट दिवा होतो. सावली न पडणारा, सोल्डरिंगला उत्तम. उरलेली काच आणि ट्यूब ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या. आणि पुढचा स्क्रीन याच दिव्याखाली पालथा घालून त्याचा स्टिकर वाचा.