सामाईक कागदपत्रांसाठी क्लाउडची निवड

उरण तालुक्यातील द्रोणागिरी परिसरात शेतकरी कुटुंबाने भाताच्या बियाण्याइतकीच जिवापाड जपलेली वस्तू म्हणजे जमिनीच्या कागदपत्रांची पेटी होय. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात जे आंदोलन झाले, त्यात पाच जणांनी प्राण वेचले. पुढे १९९० साली साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली.

संपादन आजोबांच्या नावे झाले. हक्क मात्र आज मुलगे, मुली व नातवंडे यांच्याकडे वाटला गेला आहे. त्यांपैकी कोणी बोकडविऱ्यास, कोणी पनवेलीस, तर कोणी परदेशी असतो. निवाड्याची प्रत एकाकडे, वारस नोंदीचा फेरफार दुसऱ्याकडे आणि सिडकोचे इरादापत्र तिसऱ्याकडे, अशी स्थिती बहुधा आढळते. एक कागद वेळेवर मिळाला नाही, तर सर्वच हिस्सेदारांचे काम खोळंबते. हे कागद क्लाउडवर एकत्र ठेवल्यास ही अडचण पुष्कळ अंशी दूर होते; परंतु त्यासाठी सेवेची निवड विचारपूर्वक केली पाहिजे.

क्लाउड म्हणजे काय?

आपले धान्य वखारीत ठेवावे आणि पावती आपल्यापाशी असावी, तसाच हा प्रकार आहे. फाइल दूरच्या कंपनीच्या संगणकात राहते व खातेदार ज्यास परवानगी देईल, त्यास ती आपल्या मोबाइलवर पाहता येते. व्हॉट्सॲपवर कागदाचे छायाचित्र पाठविल्यास ते आकाराने लहान होते, बारीक अक्षरे पुसट होतात आणि काही दिवसांनी ते संदेशांच्या गर्दीत सापडत नाही. सबब कायम जतनासाठी तो मार्ग पुरेसा नाही.

निवडीच्या कसोट्या

(१) जागा : गूगल ड्राइव्हमध्ये १५ जी. बी., वनड्राइव्हमध्ये ५ जी. बी. व ड्रॉपबॉक्समध्ये २ जी. बी. जागा विनामूल्य मिळते. गूगलच्या जागेत जीमेल व फोटो यांचाही समावेश होतो. मात्र केवळ जागेच्या आकड्यावर भुलू नये. स्कॅन केलेले एक पान सुमारे १ एम. बी. धरले, तर २ जी. बी. मध्येही दोन हजार पाने मावतात. कुटुंबाच्या कागदांस एवढी जागा सहसा पुरते.

(२) जागेचा भार : गूगल ड्राइव्ह व वनड्राइव्ह यांत सामाईक फाइलचा भार तिच्या मालकाच्या खात्यावर पडतो. ड्रॉपबॉक्समध्ये सामाईक फोल्डर स्वीकारणाऱ्या प्रत्येकाची जागा त्यात खर्च होते. ज्या हिस्सेदाराचे खाते आधीच भरत आले आहे, त्यास हा भेद जाणवतो.

(३) पाहणाऱ्याची सोय : घरातील वयोवृद्ध हिस्सेदारास नवे खाते न उघडता कागद पाहता आला पाहिजे. या तिन्ही सेवांत लिंकद्वारे तशी सोय करता येते. तथापि जी लिंक कोणासही उघडते, ती हातोहाती कोठेही जाऊ शकते. आधार, पॅन व बँक पासबुक यांची अशी खुली लिंक कदापि करू नये. ते कागद नेमक्या व्यक्तीच्या ई-मेल पत्त्यावरच द्यावेत.

(४) बदलाचा अधिकार : पाहण्याचा व बदल करण्याचा अधिकार निरनिराळा देता येतो. सर्वांस पाहण्याचा आणि दोघांसच बदलाचा अधिकार देणे इष्ट. हिस्सेदारांत मतभेद असतील, तर ही दक्षता अधिकच अगत्याची ठरते.

(५) सातत्य : ही कसोटी सर्वांत महत्त्वाची असून तिचाच बहुधा विसर पडतो. मालकाने फाइल कायमची पुसल्यास ती सर्वांचीच जाते. गूगलचे खाते दोन वर्षे वापरात नसल्यास कंपनी ते रद्द करू शकते. म्हणून खाते निष्क्रिय झाल्यास माहिती कोणाकडे जावी, याची नोंद गूगलच्या खात्यात करता येते, ती अवश्य करावी.

शासकीय सोयी

१ जुलै २०१५ रोजी सुरू झालेले डिजिलॉकर व्यक्तीच्या स्वतःच्या शासकीय दाखल्यांसाठी उत्तम आहे; अनेक हिस्सेदारांच्या सामाईक फोल्डरचे काम त्याने भागत नाही. सातबारा तर साठवून ठेवण्यापेक्षा नवा काढणे बरे. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला असून त्यावरील क्रमांकाने त्याची पडताळणी होते. जुना उतारा त्या तारखेपुरताच खरा असतो. जुने फेरफार, निवाडे व करारनामे मात्र प्रथम स्कॅन करावेत, कारण त्यांचा कागद जीर्ण होत चालला आहे.

व्यवस्था कशी लावावी?

मूळ गाव व सर्वे नंबर यांप्रमाणे फोल्डर करावेत. फाइलच्या नावात वर्ष व कागदाचा प्रकार लिहावा. उदाहरणार्थ, ‘१९८६ निवाडा’. पासवर्ड कोणास देऊ नये. खात्यास दुहेरी पडताळणी लावावी. एक संपूर्ण प्रत दुसऱ्या हिस्सेदाराच्या पेनड्राइव्हवर ठेवावी व दर वर्षी खरिपाच्या पेरणीपूर्वी ती उघडून तपासावी.

क्लाउडवरील प्रत ही प्रतच होय; मूळ दस्त पेटीत सुरक्षित राहिलाच पाहिजे. सेवा निवडताना ‘किती जागा फुकट मिळते?’ यापेक्षा ‘कोण पाहील, कोण बदलेल आणि खातेदार नसताना ते कोण सांभाळील?’ हे तीन प्रश्न सर्व हिस्सेदारांनी एकत्र बसून सोडवावेत. जो हक्क एवढ्या मोलाने मिळाला, तो एका कागदावाचून अडून राहू नये.