पोलीस आणि न्यायाचा अभ्यास : चार प्राध्यापकांच्या एका पत्राची गोष्ट



'मोठेपणी पोलीस होणार' म्हणणारी मुलं आपल्या भुसावळच्या प्रत्येक वर्गात असतात. जंक्शनचं गाव, त्यामुळे खाकी वर्दी रोज डोळ्यासमोर. पण पोलिसांनी कसं वागावं, कायदा त्यांना कुठे अडवतो, न्यायालय पुरावा कसा तपासतं, याचा अभ्यास करणं आणि तो शिकवणं हेही एक करिअर आहे. हे फार थोड्या घरांत माहीत असतं.

अशा अभ्यासाने काय होतं? हे खरं उदाहरण पहा.

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा एकूण तर्क.

सप्टेंबर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. त्यांचा मुद्दा साधा होता. संमती वेगळी आणि नाइलाजाने शरण जाणं वेगळं. रात्री पोलीस ठाण्यात एकटी सापडलेली गरीब मुलगी विरोध करणार तरी कसा?

पत्रानंतर देशभर महिला संघटना रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाही, पण १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अशा गुन्ह्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर न्यायालय ते गृहीत धरतं. मग उलट सिद्ध करणं आरोपीवर येतं. पीडितेची ओळख छापण्यावरही तेव्हाच बंदी आली. म्हणून इथे त्या मुलीचं नाव लिहिलेलं नाही.

धागमवार यांचं नाव आपल्या खानदेशाशीही जोडलेलं आहे. जुन्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-अक्राणी भागातल्या आदिवासींना कायदा कसा अनुभवाला येतो, हे त्यांनी अभ्यासलं.

या वाटेने जायचं तर बारावीनंतर पाच वर्षांचं एलएलबी, मग एलएलएम, नेट किंवा सेट आणि पीएचडी. कायद्याऐवजी समाजकार्याची वाटही आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय हा विषय शिकवला जातो.

आणि आपल्या वर्गासाठी? 'पोलीस आपले मदतनीस' हे तर शिकवाच. सोबत एक प्रश्न मुलांपुढे ठेवा : "कोणी गप्प बसलं, म्हणजे ते 'हो' म्हणालं का?" खोडरबर न विचारता घेण्यापासून सुरुवात करा, नकोशा स्पर्शापर्यंत या. मुलांना बोलू द्या. घाबरलेलं मूल गप्प बसतं, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पालकांनीही हाच प्रश्न घरी जरूर विचारावा.