सांखळीचा आवाज आणि अनुमानाची चूक

जुनी वस्तु घरांत असली कीं ती केव्हां तरी कुरकुरूं लागतेच. दाराची बिजागरी वाजली तर आपण तेलाचे दोन थेंब सोडतों आणि विसरून जातों. परंतु ज्या वाहनावर आपलीं मुलेंबाळें बसतात, त्याची कुरकुर विसरून चालत नाहीं. हा धडा मला उतारवयांत माझ्या मुलाकडून मिळाला. म्हणून तो वाचकांपुढें ठेवतों.

१९८८ सालीं मीं एक मोटारसायकल घेतली. वाईहून शाळेंत जाण्यायेण्यास ती मला सेवानिवृत्तीपर्यंत पुरली, आणि पुढें मुलाच्या हातीं गेली. गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत तिच्या मागल्या अंगांतून ‘खट्खट्’ असा आवाज येऊं लागला. मिस्त्र्यानें सांखळीस एके ठिकाणीं बोट लावून ती सैल असल्याचें सांगितलें, नवी सांखळी बसविली आणि जातां जातां आसपासच्या सांध्यांत ग्रीस भरलें. आवाज थांबला. ‘दोष गेला,’ असा निर्वाळा मीं मुलास दिला. पुढें श्रावणांत पांचगणीस जातांना पसरणीच्या घाटांत, ओल्या वळणावर, गाडीचा मागला भाग एकाएकीं बाजूस सरकला. मागें माझी सात वर्षांची नात बसली होती. दैवानें गाडी सांवरली. मुलगा घरीं येऊन एवढेंच म्हणाला, “बाबा, तो आवाज पुन्हां येतो आहे.”

मला माझीच लाज वाटली. वर्षानुवर्षें मीं वर्गांत काकतालीय न्याय समजावून दिला. कावळा बसण्यास आणि ताडाचें फळ पडण्यास एक गांठ पडली, एवढ्यावरून कावळ्याच्या भारानें फळ पडलें असें ठरत नाहीं. आणि घरीं मात्र सांखळी बदलली, आवाज थांबला, तेव्हां दोष सांखळींतच होता, असें मी मानून बसलों! त्यानंतर मुलगा, मी आणि दुसरा एक जाणता मिस्त्री असे तिघे मिळून आम्हीं गाडी पद्धतशीर तपासली.

प्रथम रचना ध्यानांत घ्यावी. पूर्वीं बहुतेक मोटारसायकलींचें मागलें चाक सांगाड्यास ताठ जोडलेलें असे. १९४८–४९ च्या सुमारास पुढें आलेल्या रॉयल एन्फील्ड बुलेटला मागें हलता दुभुज होता. त्यास इंग्रजींत स्विंगआर्म व मिस्त्र्यांच्या भाषेंत चिमटा म्हणतात. १९५५ पासून ही गाडी मद्रासेस व १९६१ पासून जावा म्हैसुरास तयार होऊं लागली, आणि ही रचना आपल्या रस्त्यांवर रुळली. चिमटा पुढील टोंकास एका खिळीवर, बुशांच्या आधारानें, वरखालीं डोलतो. दुसऱ्या टोंकास चाक असतें. सांखळीचें पुढील दांतेरी चक्र व ही खीळ एकाच जागीं नसल्यामुळें चाक वरखालीं होतांना सांखळीचा ताण पालटतो. चक्राचा मध्य, खीळ व मागला आंस एका रेषेंत आले कीं ती सर्वांत ताठ होते. म्हणून सांखळींत थोडा सैलपणा मुद्दाम ठेवावा लागतो. तो किती, हें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें.

अशा यंत्राचा आवाज जेथें मोठा ऐकूं येतो तेथेंच जन्मतो असें नाहीं. सांगाड्याचें लोखंड तो दूरवर वाहून नेतें. म्हणून कानापेक्षां अन्वय-व्यतिरेकावर भिस्त ठेवावी: काय असलें म्हणजे आवाज असतो, आणि काय नसलें म्हणजे नसतो? मोकळ्या, निर्धोक रस्त्यावर क्लच दाबून गाडी घरंगळूं द्यावी. इंजिनास जोर देतांना किंवा सोडतांनाच आवाज येत असेल, तर सांखळीचा सैलपणा व चाकाच्या तुंब्यांतील रबरें पाहावीं. जोर नसतांनाहि खड्ड्याखड्ड्यास येत असेल, तर चिमटा व शॉकअब्सॉर्बर यांचे सांधे तपासावे. आवाजाची लयहि मोजावी. समजा, सांखळीस १०० कड्या व मागल्या चक्रास ४० दांते आहेत; तर सांखळीचा एक फेरा होण्यास चाकाचे अडीच फेरे लागतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास येणारा आवाज चाकाचा किंवा त्याच्या चक्राचा. अडीच फेऱ्यांनीं येणारा एखाद्या आखडलेल्या कडीचा.

शितावरून भाताची परीक्षा करण्याचा स्थालीपुलाक न्याय मात्र सांखळीस लागूं पडत नाहीं. ती सर्वत्र सारखी झिजत नाहीं. एके ठिकाणीं सैल ती दुसरे ठिकाणीं ताठ सांपडते. चाक हातानें थोडें थोडें फिरवून अनेक ठिकाणीं तपासावें. हान्स रेनॉल्ड यांनीं १८८० सालीं मँचेस्टरांत पेटंट घेतलेल्या बुश-रोलर सांखळीचीच ही वंशज. ती लांबते, म्हणजे लोखंड ताणलें जात नाहीं. प्रत्येक सांध्यांतील खीळ व बुश झिजतात. १५.८७५ मि.मी. अंतराच्या सांखळीचे वीस सांधे ताणून मोजल्यास ३१७.५ मि.मी. भरावे, ३२४ च्या जवळ गेले तर सांखळी व दोन्हीं चक्रें एकदमच बदलावीं.

आमची सांखळी नवीच होती; मोजमापांत बसली. परंतु मागल्या चक्राचे दांते एकाच बाजूनें घांसून चकाकत होते. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून चाक आडवें हालविलें, तेव्हां चाकाबरोबर चिमटाहि हालला. चाक हालून चिमटा स्थिर राहता तर दोष बेअरिंगचा ठरता. खीळ काढली, दोन्हीं बुशा झिजून अंडाकृति झाल्या होत्या. सांखळीची ओढ एकाच बाजूची, म्हणून जोर देतांच चिमटा तिरपा होई, चाक रेषेबाहेर जाई आणि सांखळी वांकडी धांवून वाजे. मीं ज्याला कारण समजलों तें कार्य होतें! पहिल्या मिस्त्र्यानें भरलेल्या ग्रीसनें आवाज कांहीं दिवस दबला होता, इतकेंच. नव्या बुशा बसवून चाक रेषेंत घेतल्यावर गाडी शांत झाली.

एक इशारा आवर्जून देतों. इंजिन चालूं असतांना सांखळीस हात, फडकें किंवा ब्रश कधींहि लावूं नये. बोटें चक्रांत ओढलीं जाण्यास क्षणहि लागत नाहीं. आणि चिमट्यांत हालचाल सांपडली, तर ती दुरुस्त होईपर्यंत गाडीवर कोणासहि बसवूं नये.

नात आतां पुन्हां बापामागें बसून पांचगणीस जाते. निघण्यापूर्वीं माझा मुलगा चाक फिरवून सांखळी चारपांच ठिकाणीं पाहतो, आणि ती त्याच्याजवळ बसून मोठ्यानें फेरे मोजते. मी ओसरीवरून ऐकतों. पण न तपासलेल्या गोष्टीचा निर्वाळा आतां देत नाहीं.