पहिला रुग्ण ओळखणार कोण?

22 रुग्ण, 5 मृत्यू. 2001 मध्ये अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सचे बीजाणू पाठवले गेले, त्याचा हा हिशेब. 11 जणांना त्वचेचा, 11 जणांना फुफ्फुसाचा अँथ्रॅक्स झाला. दगावलेले पाचही जण दुसऱ्या गटातले. आकडा लहान वाटतो, पण खबरदारी म्हणून प्रतिजैविके सुमारे 32,000 लोकांना द्यावी लागली.

त्याआधी विसाव्या शतकात तिथे श्वासावाटे झालेल्या अँथ्रॅक्सचे रुग्ण नोंदले गेले अवघे 18, शेवटचा 1976 मध्ये. म्हणजे डॉक्टरांच्या एका पिढीने हा आजार फक्त पुस्तकात पाहिलेला. तरीही फ्लोरिडात पहिल्या रुग्णाच्या मणक्यातल्या पाण्यात दांडीच्या आकाराचे जिवाणू दिसले आणि डॉक्टरला शंका आली. न्यूयॉर्कमध्ये मात्र सात महिन्यांच्या बाळाची जखम आधी कोळी चावल्याची समजली गेली.

शंका उशिरा आली तर काय होते, हे ओरेगॉनमध्ये 1984 साली दिसले. पुण्याहून तिकडे गेलेल्या रजनीशांच्या काही अनुयायांनी उपाहारगृहांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळला. 751 जण आजारी पडले. सुरुवातीला दोष कामगारांच्या अस्वच्छ हातांवर गेला. घातपात उघड व्हायला वर्ष लागले.

टोकियोचा धडा वेगळा. 20 मार्च 1995 रोजी भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडल्यावर सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या एका दिवसात 640 रुग्ण आले. नंतरच्या पाहणीत 23 टक्के कर्मचाऱ्यांनी आपल्यालाही त्रास झाल्याचे सांगितले. रुग्णांच्या कपड्यांतला वायूच आत शिरला होता.

तिन्ही घटनांतून शिकायच्या गोष्टी तीन: शंका घेणे, लगेच कळवणे आणि रुग्णाचे कपडे बाहेरच उतरवणे.

आपल्याकडे 2019 पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात, सामाजिक वैद्यकशास्त्रात आपत्ती व्यवस्थापनाच्या चार क्षमता आहेत. चारही 'व्याख्या सांगा, वर्णन करा' या धाटणीच्या. वर्णन लिहून गुण मिळतात. पण एकाच वाडीतले पाच जण एकसारखी तक्रार घेऊन ओपीडीत आले, तर जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला फोन कुणी करायचा, हे इंटर्नला ठाऊक हवे. त्यासाठी वर्षातून एकदा कॅज्युअल्टीच्या दारात रंगीत तालीम घ्यावी, आणि गुण तिथेच द्यावेत.