बालवाडीचा पहिला दिवस

मूल तीन वर्षांचे झाले की घरोघर बालवाडीची चर्चा सुरू होते. आपल्या देशात कोठे शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये उघडते, कोठे जूनमध्ये. परंतु पहिल्या दिवसाचे दृश्य सर्वत्र सारखेच असते. दप्तर नवे, डबा नवा, सोबती नवे. ओळखीचे असे एकच, ते म्हणजे आईचे किंवा वडिलांचे बोट, आणि नेमके तेच त्या दिवशी सोडावे लागते. मूल रडते, पुष्कळदा आईबापांचेही डोळे भरून येतात.

या रडण्याचा अर्थ आपण समजून घ्यावयास हवा. आठ-दहा महिन्यांच्या सुमारास मुलास ओळखीची व परकी माणसे यांतील भेद चांगला कळू लागतो, आणि आई दृष्टिआड होताच ते कासावीस होते. पुढे ही कासाविशी हळूहळू ओसरते. तथापि नव्या जागी ती पुन्हा उसळून येते. हा हट्ट नव्हे, की आपल्या संगोपनातील उणीवही नव्हे. मुलास घड्याळ कळत नाही. ‘बारा वाजता येईन’ या शब्दांना त्याच्या लेखी अर्थ नसतो. ‘डबा खाऊन झाला, गोष्ट ऐकून झाली, की मी दारात असेन,’ हे मात्र त्यास उमगते.

‘मूल खेळात रमले की हळूच निघून जा,’ असा सल्ला वडीलधारी माणसे प्रेमाने देतात. तो मानू नये. मान वर करून पाहावे तो आई नाही, असा अनुभव आलेले मूल दुसऱ्या दिवशी खेळात रमतच नाही. ते आईचा पदर घट्ट धरून बसते. सांगून जावे, थोडक्यात सांगावे, आणि सांगितलेल्या वेळी हजर राहावे. आपला निरोप घेताना मूल रडले तरी चालेल. त्याचा आपल्या शब्दावरील विश्वास ढळता कामा नये.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक अडचण उभी राहते. आम्ही हैदराबादेत होतो. मुलीला घरची मराठी तेवढी येत होती, आणि बालवाडीतील बाई तेलुगू बोलणाऱ्या. तिला तहान लागली तर ती सांगणार कशी, या काळजीने मला आदल्या रात्री झोप लागली नाही. ‘पाणी’, ‘भूक’, ‘शू’, ‘दुखते’ हे चार शब्द मी एका कागदावर अर्थासह लिहून बाईंना दिले. त्यांनी ते पाठ केले. निरोप घेतल्यावर मी फाटकाबाहेर थांबले. आतले रडणे काही वेळाने थांबले. मला हायसे वाटले, आणि माझ्यावाचून तिचे चालते हे जाणवून जरा चुटपुटही लागली. सुटल्यावर मला पाहताच ती पुन्हा रडू लागली. दिवसभर धरलेला धीर मुले आपल्या माणसाजवळच सोडतात. त्याच आठवड्यात तिने घरी पाणी मागितले, ते ‘नीळ्ळु’ म्हणून!

शाळा परकी वाटते ती तिच्या व घराच्या अंतरामुळे. हे अंतर कमी करण्याचा वस्तुपाठ आपल्याच देशात घालून दिलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले; अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ साली हे कार्य कोसबाड येथे गेले. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर रूढ झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही लहान वयात घरच्या भाषेचे महत्त्व मान्य केले आहे.

आपणही आपल्यापुरते हे अंतर कमी करू शकता. पहिल्या दिवसाआधी मुलास एकदोनदा तेथे न्यावे. पाण्याचा माठ, चप्पल ठेवण्याची जागा, शौचालय दाखवावे. डबा उघडण्याचा सराव घरीच करून घ्यावा. ‘रडलास तर बाई मारतील,’ अशी भीती चुकूनही घालू नये. घरी आल्यावर प्रश्नांचा भडिमार न करता जवळ घेऊन बसावे. रडणे काही आठवडे टिकले, किंवा मुलाचे खाणे व झोप बिघडली, तर शिक्षिकेशी मोकळेपणाने बोलावे.

आपले माणूस सांगून जाते आणि सांगितल्याप्रमाणे परत येते, हा धडा बालवाडीत अक्षरांच्याही आधी येतो. तो शिकविण्याचे काम शिक्षिकेचे नव्हे, आपले आहे.